सहा नंबरचा पाचवा फाऊल

तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. जे ओळखतात त्यांच्यातल्या कुणालाच हे ठाऊक नाही — बायकोला नाही, मुलाला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. अकरा वर्षं झाली. एकदा हिंमत करून बायकोसमोर बसलो होतो. तिने माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, पोटात दुखतंय का? मी म्हणालो, हो. मग ओवा चावून खाल्ला आणि विषय संपला. असा माझा पराक्रम.

जळगावात आमच्या कॉलनीत कुणालाही विचारा — आप्पा कसा माणूस आहे? घरचे आणि बाहेरचे सगळे मला आप्पाच म्हणतात. लोक सांगतील, सरळ माणूस. पोटच्या पोरीलासुद्धा सोडलं नाही असा माणूस. दोन शेजाऱ्यांत भिंतीवरून वाजलं की मला बोलावतात. आणि मी जातो. हेच तर सांगायचंय — मी जातो, मधल्या खुर्चीवर बसतो, दोन्हीकडचं शांतपणे ऐकून घेतो आणि निवाडा देतो.

पण असं मधूनच सुरू केलं तर तुम्हाला काही कळायचं नाही.

मी सरकारी कचेरीत कारकून. अक्षर मोत्यासारखं — हे मात्र खरं आहे, त्यात लबाडी नाही. आमच्या कॉलनीच्या मधोमध बास्केटबॉलचं एक कोर्ट होतं, कुण्या हौशी साहेबाने करवून घेतलेलं. साहेबाची बदली झाली, कोर्ट राहिलं. रिंगांना जाळ्या नव्हत्या, एक फळा किंचित कलला होता, आणि बायका त्या सिमेंटवर मिरच्या नि कुरडया वाळत घालायच्या. मग मुलींच्या शाळेतले पीटीचे चौधरी सर आले. बायकांशी आधी भांडून, मग विनवून त्यांनी संध्याकाळपुरतं कोर्ट मोकळं करून घेतलं. माझी वंदना तेव्हा नऊ वर्षांची आणि हेमंत सहाचा. दोघं पहिल्याच दिवशी पळाली. हेमंतला चेंडू उचलवेना, म्हणून तो चेंडूवरच बसून राहिला. वंदनाने मात्र तासभर हात-पाय सोलून घेतले आणि रडली नाही.

मी कडेला उभा राहून बघायचो. रोज. कचेरीतून आलो की चहासुद्धा तिकडेच मागवायचो. एके दिवशी चौधरी सर म्हणाले, आप्पा, नुसतं काय उभं राहता, तुमचं अक्षर चांगलं आहे, टेबलावर बसा नि स्कोअरशीट भरा. बसलो. पुढे त्याची रीतसर परीक्षाही दिली, आणि जिल्ह्यातल्या सामन्यांना मला बोलावणं येऊ लागलं.

शीट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. प्रत्येक खेळाडूची एक ओळ असते. तिच्यात नाव, नंबर, आणि फाऊलसाठी पाच चौकोन. आडवा हात घातला, ढकललं, की पंच शिट्टी मारतो, टेबलाकडे येतो आणि बोटांनी खेळाडूचा नंबर दाखवतो — एक पंजा आणि एक बोट म्हणजे सहा, एक पंजा आणि दोन बोटं म्हणजे सात. स्कोअररने त्या ओळीतल्या चौकोनात खूण करायची. पाचही चौकोन भरले की खेळाडू बाहेर. मग रडा, ओरडा, काही करा — शीट म्हणेल ते खरं.

तेव्हा आणखी एक रिवाज होता. ज्याच्याकडून फाऊल झाला त्याने टेबलाकडे तोंड करून हात वर करायचा. पोरी हा हात वर करायला लाजायच्या, कोपरापर्यंतच न्यायच्या. माझी वंदना? तिचा हात शिट्टी विरायच्या आत ताठ वर. आणि तिने केलेला नसेल तर — ब्रह्मदेव आला तरी वर जायचा नाही. दहा वर्षांची असताना पंचांना म्हणाली होती, सर, मी नाही लावला हात, माझा हात मला माहीत नाही का? पंच हसले. मीही हसलो. किती अभिमान वाटला होता मला त्या वाक्याचा!

मुलं वाढताना आईबाप नक्की काय पाहतात? बायको फ्रॉकची शिवण सोडताना पाहायची. मी शीटवर पाहिली. पहिल्या वर्षी वंदनाच्या ओळीत सगळ्या स्पर्धेत मिळून दोन गुण. मग एका सामन्यात सहा. मग चौदा. हेमंतची ओळ बरेच दिवस कोरी होती, तो पाणी आणि टॉवेल घेऊन बाकावर बसायचा आणि त्यातच खूश असायचा. सुरुवातीला वंदनाने बास्केट केली की ती आधी माझ्याकडे बघायची — लिहिलं ना, आप्पा? मी पेन वर करून दाखवायचो. तेराव्या-चौदाव्या वर्षी कधीतरी तिने बघणं सोडलं. बास्केट झाली की वळून पळायची, बचावाला. चांगला खेळाडू तसाच पळतो, ते मला कळत होतं. तरी ते मला लागलं. आता लिहितोच आहे तर हेही लिहितो — लागलं.

सोळाव्या वर्षी ती माझ्याहून चार बोटं उंच झाली होती. विभागीय स्पर्धा तोंडावर आल्या. त्यातून राज्याच्या संघासाठी मुली निवडणार, निवडलेल्यांचं महिनाभर पुण्याला शिबिर, आणि तिथून पुढे लांब कुठेतरी राष्ट्रीय सामने. कॉलनीतले सगळे कोर्टावर जमलेले असताना चौधरी सरांनी मला थेट विचारलं — निवड झाली तर पाठवाल ना? मी छाती काढून म्हणालो, पाठवणार म्हणजे काय, मी स्वतः पुण्याला सोडायला जाईन. टाळ्या पडल्या. लहानपणी बघायची तसं वंदनाने माझ्याकडे बघितलं.

त्याच आठवड्यात सोनगीरहून नाना आले. नाना माझे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा त्यांनी स्वतःची शाळा सोडून मला शिकवलं. त्यांच्यासमोर मी कधीच मान वर करून बोललो नाही. नाना वंदनासाठी एक स्थळ घेऊन आले होते, धुळ्याकडचं, घरंदाज. जेवण झालं आणि सुपारी कातरत, माझ्याकडे न बघता ते बोलले, "आप्पा, पोर आते मोठी व्हयनी. बठ्ठी भाऊबंदकी माले इचारी राहिनी. महिनाभर पोरले परमुलूखमा धाडशी? तुनी पोर शे, तू पाय."

मुलगी मोठी झाली, सगळी भाऊबंदकी विचारतेय, महिनाभर परमुलखात धाडशील? — आणि शेवटी, तुझी मुलगी आहे, तू बघ. यात कुठे दम होता? कुठे धाक होता? तेव्हाच म्हणता आलं असतं — नाना, मी शब्द दिलाय, ती जाईल. किंवा वंदनाला बोलावून सांगता आलं असतं — बाळा, नाही पाठवत, मला हिंमत नाही. दोन्हींतलं काहीही केलं असतं तरी माणसात राहिलो असतो. मी काय केलं? दोन्ही डगरींवर हात ठेवले. नानांना म्हणालो, काळजी करू नका हो, एवढ्या पोरींतून हिची कुठली निवड होते.

आणि मनात माहीत होतं, होणार. तिच्याशिवाय दुसरी कुणाची व्हायची?

सामने धुळ्याला होते. अंतिम सामना जळगाव विरुद्ध धुळे. तिथला स्कोअरर ऐन वेळी तापाने पडला. आता धुळेकरांनी माझं नाव सुचवलं, हे तुम्हाला खरं वाटेल? जळगावच्या खेळाडूचा बाप — तरी त्यांचेच प्रशिक्षक म्हणाले, आप्पांचं शीट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, बसू द्या. मी बसलो. समोर चार-पाच निवड करणारे, पांढऱ्या टोप्या घातलेले. पलीकडे पायऱ्यांवर नाना, धोतराचा सोगा मांडीवर घेऊन बसलेले. सोनगीरहून मुद्दाम आले होते. हेमंत आमच्या बाकावर टॉवेल धरून बसला होता. मला घाम फुटला होता, आणि दिवस हिवाळ्याचे होते.

वंदना त्या दिवशी जे खेळली ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. दहा मिनिटांत अकरा गुण. निवड करणाऱ्यांतला एक जण उठून रेघेपाशीच येऊन उभा राहिला. दुसऱ्याने वहीत काहीतरी लिहिलं. मी नानांकडे पाहिलं. नाना त्या वहीकडे बघत होते.

पहिला हाफ संपायला थोडा वेळ असताना बास्केटखाली झटापट झाली. चार-पाच पोरी एकमेकींवर. धुळ्याची एक मुलगी पडली, शिट्टी झाली. पंच टेबलाशी आले आणि बोटं दाखवून गेले. मी खूण केली.

हाफटाइमला शीट तपासताना ध्यानात आलं, की ती खूण एक ओळ वर पडली आहे. फाऊल सात नंबरचा होता, आमच्याच संघातल्या सुनंदाचा. पडला होता सहा नंबरच्या ओळीत. सहा नंबर म्हणजे वंदना. ओळी लागून असतात, हात सरकतो, होतं असं. पंचांना बोलावून सांगायचं, ते सही करतात, दुरुस्ती होते. दोन मिनिटांचं काम. पंच माझ्यापासून चार हातांवर उभे राहून चहा पीत होते.

मीही चहा प्यायलो. सांगितलं नाही.

दुसऱ्या हाफमध्ये वंदनाकडून दोन फाऊल झाले. दोन्ही खरे, दोन्ही वेळा तिचा हात ताठ वर. पहिल्या हाफमधले दोन खरे, हे दोन — असे चार. शीटवर पाच. सामना संपायला सहा मिनिटं होती, आम्ही चार गुणांनी पुढे होतो. पाचव्या फाऊलची एक लाल पाटी असते, ती टेबलावरून उचलून वर धरायची असते. मी ती उचलली. तिचं वजन काय असतं हो — प्लायवूडचा हातभर तुकडा. पण मला ती दोन्ही हातांनी धरावी लागली, आणि लोकांना वाटलं, बाप आहे, जड जाणारच.

वंदना धावत टेबलापाशी आली. "आप्पा, चारच झालेत. मला माहितीय, चार."

चौधरी सरही आले. पंच आले. पंचांनी शीट हातात घेतलं, पाच चौकोन मोजले आणि मला विचारलं, नक्की? मी म्हणालो, नक्की. चौधरी सर काहीतरी म्हणायला गेले, तर पंचच म्हणाले, "अहो सर, सख्खा बाप आहे. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही शंका घेतली असती. बाप कशाला पोरीच्या नावावर जास्तीचा फाऊल चढवेल?"

चौधरी सर बाकाकडे परतले. वंदनाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही — रागाने पाहिलं असतं तर मी कदाचित तिथेच कोसळलो असतो आणि सगळं ओकलो असतो. तिच्या चेहऱ्यावर गोंधळ होता. आधी माझ्याकडे, मग शीटकडे, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं तिने. आणि मग, मुकाट्याने, तो हात वर केला. टेबलाकडे तोंड करून.

आम्ही तीन गुणांनी हरलो. सुनंदाच्या नावापुढे शेवटी चार फाऊल होते, म्हणजे खरं तर बाहेर बसायची पाळी तिची होती. ती शेवटपर्यंत खेळली, बरी खेळली, आणि जळगावातून एकटी तीच निवडली गेली. तिला ठाऊक होतं का? तिने कधी विचारलं नाही. मीही पुन्हा कधी तिच्या नजरेला नजर दिली नाही.

बक्षीस समारंभात पाहुण्यांनी माइकवरून माझं नाव घेतलं. म्हणाले, न्याय काय असतो ते आज या मैदानाने पाहिलं. शाल दिली, नारळ दिला. टाळ्या थांबेनात. वंदनाही वाजवत होती. खाली उतरलो तेव्हा नानांनी खांद्यावर हात ठेवला. "जे व्हयनं ते बरंच व्हयनं," एवढंच म्हणाले आणि सोनगीरच्या गाडीला निघून गेले.

परतीच्या एसटीत वंदना खिडकीशी, मी तिच्या शेजारी, हेमंत मागच्या सीटवर झोपलेला. पारोळा मागे पडलं. मग बाहेर बघतच तिने विचारलं, "आप्पा, पहिल्या हाफमध्ये ती धुळ्याची मुलगी पडली, तेव्हाचा फाऊल माझा होता?"

बघा, तिला नेमकं ठाऊक होतं. कुठला, कधीचा, कुणावरचा. गाडीत ओळखीचे आम्हीच होतो, बाकीचा संघ आधीच्या गाडीने गेला होता. ना नाना, ना पंच, ना लोक. मी म्हणालो, "शीटवर आहे ना."

तिने खिडकीची काच ओढून घेतली. मग म्हणाली, "मला वाटलं, मी हातच नव्हता लावला. लागला असेल."

इथवर लिहून मी दोन दिवस थांबलो होतो. कारण वर जे लिहिलंय ते पूर्ण खरं नाही. बघा ना, कबूल करायला बसलो तरी हात आखडताच. ओळ चुकली, हात सरकला — ही गोष्ट मी स्वतःला इतकी वर्षं सांगितली, की तुम्हालाही तीच सांगून मोकळा होणार होतो.

हात सरकला नव्हता.

झटापट माझ्या डोळ्यांसमोर झाली. सुनंदाने त्या मुलीला कोपर मारलं, ते मी पाहिलं. पंच आले, त्यांनी एक पंजा आणि दोन बोटं दाखवली, ती मी पाहिली. सुनंदाने माझ्याकडे तोंड करून अर्धा हात वर केला, तो मी पाहिला. वंदना त्या वेळी तीन पावलांवर होती, कमरेवर हात ठेवून श्वास घेत होती. मी पेन सातच्या ओळीवर नेलं. आणि मग थांबलो. फार तर दोन सेकंद. तेवढ्यात मनाशी सगळं मांडून झालं होतं — ही बाहेर बसली, की हिची निवड नाही. निवड नाही, म्हणजे नानांना नाही म्हणायला नको. वंदनालाही नाही म्हणायला नको. कुणालाच काही म्हणायला नको. मी पेन एक ओळ वर घेतलं आणि सुबक, गोल अक्षरात खूण केली. माझी खूण कधी वाकडी येत नाही.

आणि नानांवरही ढकलू नका. मी बरंच ढकललं. त्यांनी तर 'तू बघ' म्हणून सोडून दिलं होतं. ते देवाघरी जाऊन चार वर्षं झाली, त्यांच्या माथी हे मारणार नाही. मला भीती कसली होती? ती पुण्याला जाईल, मोठ्या कोर्टावर खेळेल, मोठी माणसं तिला शिकवतील, आणि परत येईल तेव्हा टेबलावर बसलेल्या कारकुनाकडे बघायची तिला गरज उरणार नाही — ही? होय, हीसुद्धा होती. ज्या पोरीने बघणं सोडलं होतं, तिला मी बघायला लावलं. लाल पाटी उचलली तेव्हा तिने माझ्याकडेच तर पाहिलं.

ते स्थळ पुढे आलंच नाही. मुलगी मुलापेक्षा उंच दिसते, म्हणून त्यांनी निरोप पाठवला. हसा खुशाल. मी तेव्हा हसलो नव्हतो.

वंदना त्यानंतर वर्षभर खेळली, म्हणजे खेळायला जात होती. पण बास्केटखाली घुसायची नाही. कुणी जवळ आलं की दोन्ही हात मागे घ्यायची, लागायला नको म्हणून. चौधरी सर ओरडून ओरडून थकले. मग परीक्षेचं निमित्त झालं आणि बूट माळ्यावर गेले. दोन वर्षांनी हेमंत निवडला गेला. बाकावर टॉवेल धरणारा हेमंत, ताडमाड वाढला होता. त्याला पाठवायचं की नाही, हा प्रश्नसुद्धा कुणी काढला नाही. नानांनी नाही, मी तर नाहीच. त्याची बॅग वंदनाने भरली. पुण्याला सोडायला मी गेलो. त्याच खेळावर त्याला पुढे नोकरी लागली. तो म्हणतो, ताई माझ्यापेक्षा चांगली खेळायची. मी म्हणतो, हो ना.

आणि माझा मान? तो वाढतच गेला. कचेरीत, कॉलनीत, लग्नाकार्यात लोक नव्या माणसाशी ओळख करून देताना तो किस्सा सांगायचे. मी 'जाऊ द्या हो' म्हणायचो. सुरुवातीला अंगावर काटा यायचा. मग सवय झाली. मग — हे लिहायला फार जड जातंय — आवडायला लागलं. कुणी सांगायचं विसरलं तर चुकल्यासारखं वाटायचं.

वंदनाचं लग्न धुळ्यातच झालं. जावई भला माणूस आहे, शाळेत शिकवतो, घरचेही वाईट नाहीत. पण तिथे गेलो की एक वाक्य माझ्या कानावर येतं. दुधाची पिशवी फाटली, कुणाचा निरोप राहिला, भाजीत मीठ जास्त झालं — वंदना म्हणते, माझंच चुकलं असेल. चुकलं म्हणत नाही, 'असेल' म्हणते. एकदा नणंद म्हणाली, वहिनी, तुम्हीच म्हणाला होतात मंगळवारी या म्हणून. वंदना बुधवार म्हणाली होती, मी समोर होतो, मी ऐकलं होतं. वंदनाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आणि म्हणाली, हो का, माझ्याच ध्यानात नसेल. जी पोर पंचांना विचारायची, माझा हात मला माहीत नाही का — ती ही.

गेल्या महिन्यात तिच्याकडे होतो. नात रुचा सात वर्षांची आहे, दुसरीत; ती मला आबा म्हणते. शाळेतून चिठ्ठी आली, की वर्गातला पृथ्वीचा गोल खाली पडून चेपला, तो रुचाने पाडला, तिने बाईंची माफी मागावी. रुचा म्हणाली, मी नाही पाडला. मी हात नाही लावला. पाय आपटून, ताठ मानेने म्हणाली. सोळा-सतरा वर्षांपूर्वी पंचांपुढे उभ्या राहिलेल्या दहा वर्षांच्या वंदनाची तीच मान.

वंदनाने तिला जवळ घेतलं. अजिबात रागावली नाही. तिला मांडीवर बसवून समजावायला लागली, आणि काय सांगावं तिने? तीच गोष्ट. धुळ्याचा सामना, सहा नंबर, पाच फाऊल. म्हणाली, "मलाही अगदी तुझ्यासारखंच वाटत होतं, की मी हात लावलाच नाही. शपथेवर सांगितलं असतं. पण लिहायला आबा होते. आबा खोटं लिहितील का? म्हणजे चूक माझीच होती, फक्त मला कळली नव्हती. आपल्याला वाटतं ते नेहमी खरं नसतं, बाळा. आबा त्या दिवशी तिथे होते म्हणून मला हे कळलं, नाहीतर जन्मभर मी भांडत राहिले असते."

मग माझ्याकडे वळून हसून म्हणाली, "हो ना, आप्पा?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. यापेक्षा सोपी वेळ मला पुन्हा मिळायची नव्हती. घरात दुसरं कुणी नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं.

मी म्हणालो, "हो."

दुसऱ्या दिवशी रुचाला शाळेत सोडायला मीच गेलो. वाटेत माझं बोट धरून ती हळूच म्हणाली, "आबा, मी खरंच हात नव्हता लावला." थोडं चालल्यावर स्वतःच म्हणाली, "पण लागला असेल."

वर्गाच्या दाराशी बाई उभ्या होत्या. रुचा त्यांच्यापुढे गेली आणि खाली बघत म्हणाली, बाई, माझी चूक झाली. बाई चांगल्या होत्या. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाल्या, शाबास, चूक कबूल करायला फार धाडस लागतं. रुचाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, बरोबर केलं ना, असं.

मी मान डोलावली.